शाळा सुटल्यानंतरचे दोन तास : म्युनिसिपल कायद्यांतील एका ऐच्छिक कर्तव्याचा इतिहास

इतिहाससाधनांच्या पंक्तींत सनद, महजर, बखर व निवाडपत्र यांस जें पान मिळतें, तें म्युनिसिपालिटीच्या पावतीस मिळत नाहीं. याचा एक कडू अनुभव प्रारंभींच सांगतों. ज्या गांवीं आमची बरीच नोकरी झाली, तेथील एका शाळेचा पोटमाळा कांहीं वर्षांपूर्वीं झाडावयास काढला होता. शाळा सुटल्यावर मुलांसाठीं चालणाऱ्या व्यायामशाळेच्या व वाचनगृहाच्या जमाखर्चाचा एक रुमाल त्यांत आमच्या हातीं आला. दिवाबत्ती, मल्लखांबास एरंडेल, लेझिमांची दुरुस्ती अशा खर्चाच्या बाबी आणि जमेच्या बाजूस म्युनिसिपालिटीचें साहाय्य, इतकें दोन पानांवरून दिसलें. नक्कल करून घ्यावी म्हणून तिसऱ्या दिवशीं कागद घेऊन गेलों, तों रुमाल वर्तमानपत्रांच्या रद्दीबरोबर वजनावर गेला होता. दोष आमचाही आहे. पेशवाईंतील एखादें पत्र असतें तर आम्ही तें त्याच दिवशीं उतरून घेतलें असतें.

तेव्हांपासून एक प्रश्न मनांत राहिला आहे. असें साहाय्य म्युनिसिपालिट्या कोणत्या आधारें देत, आणि न दिल्यास त्यांस जाब विचारतां येत असे काय?

इ. स. १८८८ च्या मुंबई शहराच्या म्युनिसिपल कायद्यांत ६१ वें कलम कॉर्पोरेशनवर बंधनकारक असलेलीं कामें सांगतें. प्राथमिक शाळा चालविणें, त्यांस साहाय्य करणें व योग्य जागा देणें हें काम त्यांत आहे. ६३ व्या कलमांत स्वेच्छेनें करतां येण्याजोगीं कामें आहेत. सार्वजनिक सुरक्षितता, आरोग्य, सोय वा शिक्षण यांस उपकारक, परंतु अन्यत्र न सांगितलेलें कोणतेंही काम त्यांत बसूं शकतें. जिल्हा म्युनिसिपालिट्यांच्या १९०१ च्या कायद्यांतही आवश्यक व ऐच्छिक असा हाच विभाग आहे. मीमांसकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर पहिलीं कर्में नित्य, दुसरीं काम्य. नित्य कर्म टाकल्यास प्रत्यवाय लागतो. काम्य कर्म न केल्यास फळ मिळत नाहीं, पण दोषही लागत नाहीं. घंटा होईपर्यंत मुलगा ६१ व्या कलमांत असतो. दप्तर घेऊन बाहेर पडला कीं तोच मुलगा ६३ व्या कलमांत जातो.

हा पेंच केवळ इकडचाच नव्हता. ज्या इंग्लंडच्या धर्तीवर आमचे हे कायदे झाले, तेथेंही तेंच दिसतें. लंडनमध्यें मेरी वॉर्ड या कादंबरीकर्त्रीनें पॅसमोर एडवर्ड्स सेटलमेंट या १८९७ सालीं उघडलेल्या संस्थेंत मजुरांच्या मुलांसाठीं खेळवर्ग सुरू केले, व १९०५ पासून शहरांतील शाळांच्या इमारतींत संध्याकाळचीं क्रीडाकेंद्रें चालविलीं. (कवि व शाळातपासनीस मॅथ्यू आर्नोल्ड यांची ही पुतणी. स्त्रियांस मताधिकार देऊं नये म्हणून झटणाऱ्या या बाईंच्याच खटपटीनें पार्लमेंटांत एक कलम मंजूर व्हावें, हें नवलच.) तें कलम १९०७ च्या शिक्षणविषयक कायद्यांतील तेरावें. त्यानें स्थानिक मंडळांस अशा केंद्रांवर खर्च करण्याची मुभा दिली. मुभाच, आज्ञा नव्हे. म्हणून लंडनचीं केंद्रें पुढेंही मुख्यतः वर्गणीवरच जगलीं. महायुद्धांत बालगुन्हेगारी वाढली, तेव्हां १९१७ सालीं वरिष्ठ शिक्षणखात्यानें निम्मा खर्च देण्याचें ठरविलें. मुलांच्या खेळानें जें झालें नव्हतें तें मुलांच्या गुन्ह्यांनीं झालें!

आमच्या मतें याहून विचार करण्याजोगी रीत बडोदें संस्थानची. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेंतून विल्यम बॉर्डन यांस आणवून ग्रंथालयांचें जाळें उभारलें. मध्यवर्ती ग्रंथालयांत मुलांसाठीं वेगळें दालन होतें. तेथें चित्रें व खेळही असत. गांवोगांवच्या वाचनालयांस मात्र त्रिभाग पद्धति लागू होती. लोकांनीं जितकी रक्कम जमवावी तितकीच प्रांत पंचायतीनें अथवा म्युनिसिपालिटीनें द्यावी व तितकीच सरकारनें. ही वार्षिक मर्यादा खेड्यास १०० रुपये, तालुक्याच्या गांवास ३०० व प्रांताच्या ठिकाणास ७०० अशी होती. खेड्यानें १०० जमविले कीं हातीं ३०० आले. लोकांस आपलेपणा वाटावा व सरकारचा पैसा निरिच्छ गांवीं पडून राहूं नये, हा हेतु उघड आहे आणि तो बहुतांशीं सफळही झाला.

पण पहिला तृतीयांश जमवावयाचा कोणीं? ज्या गांवांत सावकार, वकील वा पेन्शनर होते तेथें तो सहज जमे. ज्या वस्तींत संध्याकाळचे दोन तास मुलांस सर्वांत धोक्याचे, तेथें वर्गणीची यादी सर्वांत लहान असणार. आणि तेथें लोकांचे पन्नासच जमले तर पुढील दोन वांटेही पन्नासांवरच थांबत. महाराजांच्या खात्यास याची जाणीव नव्हती असें आम्ही म्हणत नाहीं. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या विनामूल्य पाठविल्या जात, त्यानें ही उणीव कांहींशी भरून निघे. तरी पेटी परत जाते. दिवा लावून बसणारा माणूस तिच्याबरोबर येत नाहीं.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें जोडलेल्या बाराव्या अनुसूचींत क्रीडांगणें आणि सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींस उत्तेजन हे विषय आले. परंतु २४३ डब्ल्यू या अनुच्छेदांत राज्याच्या विधिमंडळास नगरपालिकांकडे हे अधिकार देतां येतील, एवढेंच आहे. क्रियापद अद्याप अनुज्ञेचेंच.

छापील अहवालांतून एकूण रकमा कळतात. कोणत्या आळीनें किती दिलें व कोणाचीं मुलें आंत आलीं हें कळत नाहीं. तें वर्गणीदारांच्या यादींत आणि हजेरीपटांत असतें. ज्या संग्राहकांकडे तालमी, रात्रशाळा वा वाचनालयें यांच्या १९५० पूर्वींच्या वह्या असतील, त्यांनीं त्यांतील याद्या वेगळ्या काढूं नयेत. पावतीसह यादी असली तरच तिचा उपयोग. वाळवीनें खाल्लेल्या वह्याही चालतील. नकला करण्याचें काम आम्ही अंगावर घेऊं, आणि या वेळीं पहिल्याच दिवशीं कागद घेऊन येऊं.