पेशजीप्रमाणे

गुहागर तालुक्यातलं वेळणेश्वर बहुतेकांना ठाऊक असतं ते किनाऱ्यावरच्या शंकराच्या देवळामुळे आणि माडांच्या रांगांमुळे. 2012 पासून या गावाला आणखी एक ओळख मिळाली. ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचं महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय तिथं उभं राहिलं. माझी भाची तिथं संगणकशास्त्र शिकते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. तिच्या संगणकाचा काळा पडदा आणि त्यावरची पांढरी अक्षरं पाहिली, की मला शाळेतली पाटीच आठवते.

एकदा ती काम करत होती आणि मी शेजारी बसलो होतो. तिनं एक लांबलचक आज्ञा टंकली. थोड्या वेळानं तीच आज्ञा पुन्हा हवी होती. तिनं वरच्या बाणाची कळ दाबली, तर मघाची ओळ जशीच्या तशी हजर! मी विचारलं, हे कसं? ती म्हणाली, "मामू, एकदा लिहिलेलं परत कशाला लिहायचं? मागचं सगळं याच्या हिस्टरीत असतं."

हिस्टरी म्हणजे इतिहास. हा शब्द ऐकला आणि मला त्या इतिहासाचाच इतिहास शोधावासा वाटला.

संगणकाला आज्ञा देण्याच्या या व्यवस्थेला 'शेल' म्हणतात. संगणकाच्या गाभ्यावरचं कवच, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या भाषेत शिंपला. हे नाव साठच्या दशकाच्या मध्यावर लुई पूझँ या फ्रेंच तंत्रज्ञानं दिलं. 1969 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स या प्रणालीचं काम सुरू झालं आणि 1971 मध्ये केन थॉम्पसन यांचा शेल आला. तेव्हा पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचं खडखडणारं यंत्र असे. ते कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला साधारण दहा अक्षरं उमटवी. दिलेली प्रत्येक आज्ञा त्या कागदावर राही. म्हणजे इतिहास तेव्हाही होता, पण तो नुसता वाचायचा. पुन्हा वापरायचा तर सगळं परत टंकावं लागे. युनिक्सच्या पुष्कळ आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या आहेत, त्यामागे या कष्टाचाही वाटा आहे.

मागचं स्मरणात ठेवून पुन्हा वापरू देण्याची कल्पना दुसऱ्या एका ठिकाणी आकाराला आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वॉरन टायटेलमन यांनी लिस्प या भाषेत काम करणाऱ्यांसाठी एक मदतनीस घडवला. तुम्ही काय काय सांगितलंत याची तो यादी ठेवी. 'पुन्हा कर' म्हटलं की करी आणि 'केलेलं मोड' म्हटलं तर मोडीही. त्याच दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्यानं सी शेल लिहिला आणि मागच्या आज्ञांची सोय युनिक्सवर आणली. दोन उद्गारचिन्हं टंकली, की आधीची आज्ञा पुन्हा चाले. एक उद्गारचिन्ह आणि पुढे आकडा दिला, की त्या क्रमांकाची आज्ञा. 1983 साली डेव्हिड कॉर्न यांचा शेल आला. त्यात जुनी ओळ समोर आणून, दुरुस्त करून वापरता येऊ लागली. 1989 साली ब्रायन फॉक्स यांनी 'बॅश' तयार केला. आज असंख्य संगणकांवर तोच चालतो. त्यात कंट्रोल आणि आर या कळा एकत्र दाबून दोन-चार अक्षरं टंकली, की त्या अक्षरांची मागची आज्ञा तो शोधून देतो.

हे सारं ऐकताना मला पुण्याचं पेशवे दफ्तर आठवत होतं. रुमालांत बांधलेले मोडी कागद. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडून 1930 ते 1934 या काळात 45 खंड प्रसिद्ध केले. या जुन्या कागदांत एक शब्द वारंवार भेटतो : पेशजी. अर्थ, पूर्वी. इनाम, वतन, देवस्थानची नेमणूक यांच्या सनदा नव्यानं करून घ्याव्या लागत. कारकून मागचा कागद काढी आणि नव्या कागदात तोच हुकूम पेशजीप्रमाणे चालवण्याचं लिही. दुसरा शब्द बदस्तूर. अर्थ तोच, रिवाजाप्रमाणे, पूर्वीसारखं. दोन्ही शब्द फारसीतून आले आणि मोडी लिहिणाऱ्या बोटांत मराठी होऊन गेले. बिल जॉयची दोन उद्गारचिन्हं आणि आपल्या कारकुनाचं 'पेशजीप्रमाणे' यांत मला फार अंतर दिसत नाही. मागचा हुकूम पुन्हा लागू, इतकाच दोन्हींचा अर्थ.

पण या सोयीत एक खाच आहे. ती मला नुकसान सोसून कळली.

माझ्या जुन्या संगणकावर भाचीनं लिनक्स घालून दिलं आहे. माझ्या कविता मी त्यावरच ठेवतो. आईच्या तोंडून उतरवून घेतलेली आमच्या कोकणी बोलीतली लग्नाची गाणीही त्यावर होती. हळदीची, मेंदीची, मुलगी सासरी जातानाची. एकूण सव्वीस. आई गेली तेव्हा ती टंकून झाली होती याचं मला समाधान होतं. प्रती काढून ठेवायला मात्र विसरलो होतो.

एका संध्याकाळी कच्च्या मसुद्यांची फाईल-पेटी रिकामी करायची होती. या पेटीतल्या सगळ्या फाईली काढून टाक, अशी आज्ञा मी आधी दिलेली होती. वरचा बाण दाबला, ओळ आली, एंटर दाबलं. आज्ञा तीच होती, अक्षर न अक्षर तेच. फक्त मी उभा होतो गाण्यांच्या पेटीत. एका क्षणात सव्वीस गाणी गेली. शेलनं एका शब्दानंही विचारलं नाही. त्याचा दोष नाही. 'या पेटीतल्या' हे शब्द तेच राहतात, 'ही पेटी' कोणती ते बदलतं. पेशजीप्रमाणे म्हणताना पेशजीची परिस्थिती तीच आहे का, हे पाहण्याचं काम लिहिणाऱ्याचं असतं.

भाची सुट्टीत आली तेव्हा तिला सांगितलं. फाईली तर परत मिळाल्या नाहीत. मग तिनं हिस्टरी उघडली. शेल ही यादी एका लपलेल्या फाईलमध्ये ठेवतो. तिला मर्यादा असते. बॅशची मूळ मर्यादा 500 ओळींची आहे. नव्या ओळी आल्या की जुन्या गळून पडतात. मी कोणती फाईल कधी उघडली, त्या आज्ञा तिथं क्रमानं होत्या. गाणं एकही नव्हतं, पण एकोणीस गाण्यांची नावं होती. उरलेल्या सातांच्या ओळी मर्यादेपलीकडे गेल्या होत्या.

ती यादी कागदावर उतरवून मी मावशीकडे गेलो. ती ऐंशीच्या पुढची. मी एकेक नाव वाचायचो, ती डोळे मिटून थांबायची आणि मग सुरू व्हायची. तीन दिवसांत चौदा गाणी परत मिळाली. काहींत आईचे शब्द वेगळे होते, हे मला जाणवत होतं. मी मावशीचेच शब्द लिहून घेतले. पाच तिला आठवली नाहीत. ज्या सातांची नावंच गेली, त्यांच्याबद्दल विचारणार तरी काय?

दफ्तरांतूनही बहुधा असंच होत असावं. हुकूम राहतो, ज्याच्यासाठी हुकूम दिला ते राहतंच असं नाही. इतिहास आपल्याला पुष्कळदा नावंच देतो. पण नाव हाती असलं, तर निदान कोणाच्या दारात जाऊन विचारायचं ते कळतं.

भाचीनं जाताना मला एक युक्ती शिकवली. मागची आज्ञा उद्गारचिन्हानं बोलावताना शेवटी विसर्गासारखे दोन ठिपके आणि इंग्रजी पी लिहिला, तर शेल ती आज्ञा नुसती दाखवतो, चालवत नाही. आधी वाचायची, आपण कुठं उभे आहोत ते पाहायचं, मग एंटर. ती चौदा गाणी आता तीन ठिकाणी ठेवली आहेत. त्यातलं एक ठिकाण म्हणजे शाईनं लिहिलेली वही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)