अर्धी गोल्डविंग होंडाची, अर्धी चालवणाऱ्यांची

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: लांबच्या टूरला गाडी किती सीसीची घ्यावी? मला हा प्रश्नच उलटा वाटतो. का, ते सांगायला १९७४ मध्ये जायला लागेल.

त्या वर्षी जर्मनीतल्या कोलोनच्या प्रदर्शनात होंडाने गोल्डविंग दाखवली, जीएल१०००. कावासाकीच्या ९०३ सीसी झेड१ ने होंडाच्या सीबी७५० ला मागे टाकलं होतं, त्याला हे उत्तर. ९९९ सीसी, चार सिलिंडर आडवे झोपवलेले, पाण्याने थंड होणारं इंजिन, चेनऐवजी शाफ्ट. पेट्रोलची टाकी सीटखाली, म्हणजे वजन खाली. वर दिसते ती टाकी खोटी; तिच्यात वायरिंग आणि चक्क सुटी किक!

पण काचही नव्हती आणि बॅगाही नव्हत्या. हायवेला तासन्‌तास वारा छातीवर घ्यायचा आणि हँडल धरून स्वतःला अडवायचं. मग खांदे जाणारच, इंजिन हजारचं असो नाहीतर साडेतीनशेचं.

यावर तोडगा काढला तो इलिनॉयच्या क्रेग व्हेटरने. त्याचं विंडजॅमर फेअरिंग १९७१ पासून बाजारात होतं. त्यातली खरी हुशारी मला जोडणीत दिसते. हँडलवर मोठी काच बसवली की आडवा वारा तिला ढकलतो आणि तिच्याबरोबर स्टिअरिंगही वळतं. व्हेटरने फेअरिंग फ्रेमला जोडलं. फेअरिंग तेच, फक्त प्रत्येक मॉडेलला ब्रॅकेट वेगळे. (आमच्या भाषेत, कोड तोच, अडॅप्टर बदला.) गोल्डविंगवाल्यांनी ते बसवलं, बॅगा लावल्या, सीट बदलली, आणि सामानाचं वजन पेलायला मागचे शॉकही बदलले.

होंडा हे सगळं बघत होती. १९८० ला जीएल११०० आली: एअर सस्पेन्शन, पुढेमागे सरकणारी सीट. तिच्या इंटरस्टेट मॉडेलला फेअरिंग आणि बॅगा कंपनीतूनच. म्हणजे गिऱ्हाइकांनी गॅरेजमध्ये जे केलं, तेच मॉडेल झालं.

म्हणून माझा क्रम असा: आधी वारा, मग सीट आणि हँडलची उंची, मग सस्पेन्शन, सामान त्यानंतर, आणि सीसी सगळ्यात शेवटी. काच मात्र आपल्या उंचीला बघून घ्या. चुकीच्या उंचीची असेल तर वारा थेट हेल्मेटवर आदळतो आणि डोकं भणभणतं. जड सामान खाली आणि पुढे ठेवा. मागच्या चाकाच्याही मागे लटकवलं की पुढचं चाक हलकं होतं.

आणि आरामाचं वजन मोजा. ते गोल्डविंगमध्ये इतकं साचलं की १९८८ च्या सहा सिलिंडरवाल्या जीएल१५०० ला स्टार्टर मोटरवर चालणारा रिव्हर्स द्यावा लागला. आपल्या गाड्यांना तो नाही. घाटातल्या टपरीवर उताराकडे तोंड करून लावलीत, तर चहा झाल्यावर बॅगांसकट मागे ओढायची तुम्हालाच.