ब्राऊन, फादर

इंग्रज लेखक गिल्बर्ट कीथ चेस्टरटन (१८७४–१९३६) यांच्या रहस्यकथांतील गुन्हे उकलणारा कॅथलिक धर्मगुरू. पहिली कथा ‘निळा क्रूस’ १९१० साली छापली गेली; १९११ ते १९३५ या काळात पाच संग्रह निघाले. ब्रॅडफर्डचे फादर जॉन ओ’कॉनर यांच्यावरून हे पात्र सुचले. १९२२ मध्ये चेस्टरटन स्वतः कॅथलिक झाले, तेव्हाही ओ’कॉनर जवळ होते.

ब्राऊन ठेंगणा, वाटोळ्या चेहऱ्याचा, बावळट वाटणारा. मोठी जुनाट छत्री त्याच्या हातून सारखी खाली पडते. ‘निळा क्रूस’मध्ये तो नीलमण्यांचा क्रूस घेऊन लंडनला निघतो आणि फ्लाँबो हा धिप्पाड चोर पाद्र्याच्या वेषात त्याला गाठतो. मागावर असलेल्या पोलिसांना खूण मिळावी म्हणून ब्राऊन वाटेत खोड्या करत जातो : साखरेच्या भांड्यात मीठ भरतो, भिंतीवर सूप फेकतो, आणि खाणावळीची काच फोडण्याआधीच तिचे पैसे चुकते करतो. चोर ओळखू येतो तो मात्र बोलण्यातून. फ्लाँबो बुद्धीला कमी लेखतो. खरा धर्मशास्त्री असे बोलणार नाही, हे ब्राऊनला ठाऊक असते. शेरलॉक होम्स राख आणि पाऊलखुणा पाहतो. ब्राऊनची भिस्त कानावर. जन्मभर लोकांची पापे ऐकलेल्या माणसाला भोळा समजणे, हीच फ्लाँबोची चूक. पुढच्या कथांत हा चोर सुधारतो व ब्राऊनचा मित्र होतो. उत्तरार्धातल्या काही कथांत प्रवचन जड होते, रहस्य पातळ.

मराठवाड्यातल्या नांदेड-लातूरच्या जुन्या वाचकाला मात्र गुप्तहेर भेटला तो ब्राऊनपेक्षा वेगळ्याच वाटेने. निजामी राजवटीत, १९४८ पर्यंत, इथल्या शाळांत उर्दूचे वर्चस्व. त्यामुळे १९५२ पासून निघालेली इब्ने सफींची उर्दू रहस्यकथामाला ‘जासूसी दुनिया’ त्या पिढीला थेट वाचता येई. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा नायक झुंजार होताच. पण हे सगळे मर्दानी गडी. सोवळ्यातला किंवा भगव्यातला माणूस त्यांच्या रांगेत बसला नाही.

खरे तर या भागात तसा माणूस होता : जंगम, म्हणजे लिंगायतांचा पुरोहित. लिंगायत घरात लिंगधारणेपासून मूठमातीपर्यंत त्याचे येणे-जाणे. वाटणी, सोयरीक, रुसवे सगळे त्याच्या कानावर. मात्र कॅथलिकांसारखा पाप कबूल करण्याचा विधी इकडे नाही. त्याला जे कळते ते ओसरीवर, भिक्षेचे पीठ झोळीत पडता पडता, आडून आडून.