क्षाररेखित मणी (माहुरझरी)

क्षाररेखित मणी : कार्नेलियनच्या, म्हणजे तांबड्या अकीकाच्या मण्यावर क्षाराने नक्षी काढून ती विस्तवात पक्की केलेला दागिना. नागपूरच्या वायव्येस, काटोल रस्त्याच्या बाजूला असलेल्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांतील दफनांत असे मणी मिळाले आहेत. १९७०–७२ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले. ही दफने इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील. माहुरझरी हे मणी घडवण्याचेही मोठे ठिकाण होते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत अकीक तयार होतो आणि त्या पाषाणाचा प्रदेश येथून लांब नाही.

या मण्यांना इंग्रजीत ‘एच्ड’ म्हणतात, म्हणून मराठीतही ते कधीकधी ‘अम्लरेखित’ होतात. हा शब्द टाळावा. येथे अम्लाचा थेंबही नसतो.

अम्लरेखनात पृष्ठभाग खाल्ला जातो. तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ व डांबराचा थर देतात, सुईने त्यावर चित्र ओरखडतात आणि पत्रा नायट्रिक अम्लात किंवा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवतात. उघडे पडलेले तांबे विरघळते, झाकलेले वाचते. पत्रा जितका वेळ द्रावणात राहील तितकी रेघ खोल जाते. रेघेत शाई भरून कागदावर दाबली की छाप उठतो.  

काचेवर नायट्रिक अम्ल चालत नाही. काच मुख्यतः सिलिकाची असते आणि सिलिकाला विरघळवते ते हायड्रोफ्लुओरिक अम्ल. म्हणूनच ते काचेच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. ते त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करते आणि सुरुवातीला अनेकदा दुखतही नाही, त्यामुळे घरगुती प्रयोगात त्याला हात लावू नये. संगमरवर व चुनखडी यांची गोष्ट अगदी उलटी : साध्या लिंबाच्या रसानेही त्यांची झिलई जाते.

अकीकही सिलिकाच, पण त्याच्या सूक्ष्म कणांमध्ये बारीक छिद्रे असतात. नक्षीचा क्षार तापवला की तो या छिद्रांत शिरतो, कणांवर परिणाम करतो आणि तेवढा भाग अपारदर्शक, दुधी दिसू लागतो. तांबड्यावर पांढरी रेघ उमटते ती अशी. वर रंग चढवलेला नसतो, म्हणून ती रेघ सोलून निघत नाही. प्राचीन कारागिरांची कृती लिहून ठेवलेली नाही. तिचा सर्वांत जवळचा पुरावा अर्नेस्ट मॅके यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. सिंधमधील सेहवान येथील एका वृद्ध कारागिराने त्यांना ती करून दाखवली होती. धुण्याचा सोडा करीर या झुडपाच्या कोवळ्या डिरांच्या रसात कालवायचा, बोरूने मण्यावर रेघा काढायच्या, वाळवायच्या आणि मणी निखाऱ्यांत भाजायचा. रस येथे सोड्याला चिकटपणा देतो. त्याशिवाय गोल, गुळगुळीत मण्यावर रेघ ठरणार नाही. मणी सावकाश निववावा लागतो, घाई केली तर तो तडकतो.

ही कला सिंधू संस्कृतीइतकी जुनी आहे. असे मणी मेसोपोटेमियातील ऊर येथील राजघराण्याच्या दफनांतही सापडले. भारतातील नमुन्यांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे मो. गं. दीक्षित यांनी १९४९ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. नक्षीचे दोन मुख्य प्रकार आहेत. तांबड्यावर पांढरी नक्षी हा पहिला. दुसऱ्यात आधी सारा मणी पांढरा करून वर काळ्या रेघा काढतात.

माहुरझरीच्या वस्तूंना खरे अम्लरेखनही लाभले, मात्र आपल्या काळात. तेथे मिळालेल्या पोलादी छिन्नीचा धातुशास्त्रीय अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा तपासणीत वस्तूचा तुकडा आरशासारखा घासतात आणि मद्यार्कातील सौम्य नायट्रिक अम्लात क्षणभर बुडवतात. कार्बन जास्त असलेले भाग सूक्ष्मदर्शकाखाली काळपट दिसतात, मऊ लोखंड उजळ राहते, आणि लोहाराने धातू कसा तापवला व कसा निववला हे त्या रचनेवरून ओळखता येते.