अब्बांचा चढा आवाज

माझे अब्बा रत्नागिरीकडून मुंबईत आले आणि पाइलिंगच्या कामाला लागले. उंच सांगाड्यावरून घण खाली यायचा, खांब जमिनीत थोडा शिरायचा, घण पुन्हा वर. दिवसभर हेच. घरी आले की ते फार मोठ्यानं बोलत. आम्ही भावंडं चिडीचूप बसायचो. वाटायचं, अब्बा रागावलेत. ते रागावलेले नसत, त्यांना स्वतःचाच आवाज पुरेसा पोचत नसे. हे मला कळलं तोवर मी बी. ए. होऊन नोकरीला लागलो होतो.

दुखणं जुनंच आहे. इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी कामकऱ्यांच्या आजारांवर 1700 साली ग्रंथ लिहिला, 1713 साली तो वाढवला. त्यात व्हेनिसचे तांबट भेटतात. दिवसभर तांबं ठोकून त्यांना आधी कमी ऐकू येऊ लागतं आणि म्हातारपणी ते पार बहिरे होतात. पुण्याच्या तांबट आळीतून कधी गेला असाल, तर हे पटायला इटली गाठायला नको.

ग्लासगोचे डॉक्टर थॉमस बार यांनी 1886 साली याचा हिशेबच मांडला. बॉयलरला रिव्हेट ठोकणारे शंभर कामगार त्यांनी तपासले, जोडीला शंभर टपालवाले. कानाजवळ घड्याळ धरायचं आणि टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते ते पाहायचं, इतकी साधी परीक्षा. बॉयलरवाल्यांत एकाचेही कान धड निघाले नाहीत.

पुढं हेच रिव्हेट उंच इमारतींच्या पोलादी सांगाड्यांत ठोकले जाऊ लागले. न्यूयॉर्कनं 1929 साली शहरातल्या गोंगाटाचा अभ्यास करायला आयोग नेमला. डेसिबल हे मापही त्याच दशकातलं. या मापाची चाल फसवी आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दसपट होते. मापाला नाव ग्रॅहम बेल यांचं, ज्यांच्या आईला जेमतेम ऐकू येई आणि पत्नी बहिरी होती.

आवाज होणारच, असं बांधकामावर सर्रास म्हणतात. जपाननं ते मानलं नाही. तिथं 1968 साली कायदा झाला आणि पाइलिंगसारख्या कामांच्या आवाजाला मर्यादा आली. मग कोची शहरातल्या अकिओ कितामुरा यांनी 1975 साली एक यंत्र बनवलं. आधी रोवलेले खांब ते घट्ट पकडतं आणि त्यांच्या आधारानं पुढचा खांब नुसता दाबत नेतं. ठोकणंच नाही! आपल्याकडेही आता पुष्कळ ठिकाणी भोक पाडून काँक्रीट ओततात. कातळ फोडणारा ब्रेकर मात्र तसाच धडधडतो.

आपले ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. वस्तीत रात्री बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवायला 2010 साली बंदी आली. चांगलंच झालं. पण हे सगळं खिडकीतून ऐकणाऱ्याच्या बाजूनं आहे. पत्र्याच्या आत, ब्रेकरपासून हातभरावर उभ्या माणसाचं काय? कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना 90 डेसिबल ही हद्द आहे, पण बांधकामावर ते मोजायला कोण उभं राहतं? कानात बोळे घाला म्हणावं, तर मुकादमाची हाक आणि क्रेनचा भोंगा ऐकू यायला हवा. म्हणून यंत्रच गप्प करणं, नाही तर माणसांची पाळी बदलणं, हे खरे उपाय.

कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे स्वर. म्हणजे स, श, त, थ. अब्बांना माझा आवाज येई, शब्द नीट लागत नसत. माझा पहिला संग्रह निघाला, तेव्हा ते समोर बसून माझ्या ओठांकडे बघत होते. म्हणाले, "जोरात वाच." मी जोरात वाचलं. "अजून जोरात." तिसऱ्या कवितेला शेजारच्या खाला दार वाजवून विचारत होत्या, बाप-लेकाचं भांडण कशावरून चाललंय?