‘डोया’ चूक कधीपासून ठरला? शालेय निबंध आणि प्रमाण मराठीचा इतिहास (थ्रेड)

१/ यंदाच्या हिवाळ्यात झरी-जामणी तालुक्यातील एका गावी आठवीच्या मुलांकडून निबंधाचा सराव करून घेत होतो. विषय ‘माझे गाव’. एका मुलीने लिहिले होते : आजी म्हणते विहिरीसारखं डोयातलं पानी आटलं. मी लाल पेनाने ‘डोया’चा ‘डोळा’ आणि ‘पानी’चे ‘पाणी’ केले. त्या रात्री वाटले, इतिहासाचा विद्यार्थी म्हणवतो, तर हे चूक कोणी आणि कधी ठरवले, ते तरी पाहावे.

२/ प्रश्न केवळ गुणांचा नाही. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलले. आठवीच्या वार्षिक परीक्षेत आणि नंतरच्या पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला आता त्याच वर्गात बसावे लागते.

३/ सर्वांना एकच लेखी प्रश्नपत्रिका देण्याची रीत फार जुनी नाही. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती, परवचा होता. परीक्षा तोंडी आणि समोरासमोर. अमेरिकेतील बॉस्टन येथे १८४५ मध्ये होरेस मान यांच्या सहकाऱ्यांनी सर्व शाळांना तेच छापील प्रश्न दिले, तेव्हा शाळा-शाळांची तुलना शक्य झाली. परंतु मुलाला न ओळखणाऱ्या माणसाने उत्तर तपासायचे, तर दोघांना समान अशी लेखी भाषा लागते. निबंधाच्या परीक्षेत तर ही भाषाच तपासली जाते.

४/ मराठीत ही भाषा घडवणाऱ्यांत मेजर थॉमस कँडी हे महत्त्वाचे नाव. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या कामात ते होते. क्रमिक पुस्तकांची भाषा त्यांच्या नजरेखालून जाई. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचे पुस्तक १८५० चे. स्वल्पविराम, पूर्णविराम आपण जन्मजात मराठी समजतो, ते असे आले. प्रमाण म्हणून जी बोली निवडली गेली, ती मुख्यतः पुण्याच्या सुशिक्षितांची. वऱ्हाडला कोणी विचारले नाही.

५/ त्याच काळातील एक शालेय निबंध मात्र विसरता येत नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मातंग समाजाची विद्यार्थिनी मुक्ताबाई हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने दोन अंकांत छापला. तो आजही वाचला जातो. त्यातील शुद्धलेखनाच्या चुका मोजण्यासाठी कोणी वाचत नाही.

६/ आता यवतमाळकडे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होता आणि आजच्या यवतमाळचा बराच भाग ‘वणी’ जिल्ह्यात मोडत होता. १९०५ मध्ये जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. योगायोग असा की, ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंडही १९०५ चाच. त्यात वऱ्हाडीची नोंद आहे. ‘ळ’च्या जागी ‘य’, ‘ण’च्या जागी ‘न’ : डोळा-डोया, पाणी-पानी. म्हणजे मी ज्याला निष्काळजीपणा समजून खोडले, तो एका बोलीचा नियम होता.

७/ आणि ही तर वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलीची गोष्ट. तिच्या शेजारच्या बाकावर कोलाम मुलगा बसतो. कोलामी ही द्राविडी भाषा. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. त्याच्यासाठी वऱ्हाडी दुसरी भाषा आणि पुस्तकातील मराठी तिसरी. वेळ मात्र दोघांना सारखाच.

८/ प्रमाण तरी कुठे स्थिर आहे? माझ्या आजोबांच्या सातवीच्या वहीत ‘घरीं’, ‘करणें’, ‘त्यांनीं’ असे अनुस्वार आहेत. गुरुजींनी त्यावर ‘उत्तम’ असा शेरा दिला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले, आणि ते अनुस्वार गेले. आजोबांची ती वही आज तपासायला दिली, तर पान लाल होईल.

९/ नियम शिकवूच नयेत, असे मला म्हणायचे नाही; ज्याला ते येत नाहीत, त्याचे नुकसान ठरलेले आहे. दुसऱ्या दिवशी मुलीची वही परत मागितली. ‘आजी म्हणते’ यानंतर स्वल्पविराम आणि पुढच्या वाक्याला अवतरणचिन्हे द्यायला सांगितले. आजीचे शब्द आजीचेच राहिले पाहिजेत, एवढेच कारण दिले. मग माझी लाल दुरुस्ती मीच खोडली.

तिने विचारले, “सर, मंग पेपरात असंच लिवू?” मी ‘हो’ म्हणालो. पेपर तपासणारे मी नसेन, हे तिला सांगितले नाही.