मंगळावरचे ज्वालामुखी समजून घ्यायचेत? आधी नाशिकचे डोंगर पाहा

ज्वालामुखी म्हटलं की टोकदार डोंगर, वर विवर आणि त्यातून उसळणारा लाव्हा असं चित्र डोळ्यांसमोर येतं. पण सूर्यमालेत सगळ्यात जास्त जागा व्यापली आहे ती शांतपणे पसरत गेलेल्या लाव्ह्याने. त्याचा एक मोठा नमुना महाराष्ट्रातच आहे. ब्रह्मगिरी, अंजनेरी, साल्हेर हे नाशिक जिल्ह्यातले डोंगर याच लाव्ह्याचे आहेत.

नाशिकमध्ये ज्वालामुखी कुठे होता?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा पसरायचा. असे थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा काळा खडक, म्हणजेच बेसॉल्ट दिसतो. पुढे पावसाने आणि नद्यांनी हे थर कापले. टणक थर कड्यांसारखे उरले, मऊ थर झिजले. म्हणूनच सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. पांडवलेणी कोरली गेली तीही याच खडकात. त्यामुळे इथे 'ज्वालामुखीचं तोंड' शोधायला गेलं, तर टोकदार डोंगर सापडत नाही.

हाच खडक आणखी कुठे आहे?

चंद्रावर दिसणारे काळे डागही बेसॉल्टचे आहेत. प्रचंड आघातांनी झालेल्या खोलगट भागांत लाव्हा भरला आणि थिजला. अपोलो मोहिमांनी आणलेले तिथले बहुतेक नमुने ३०० कोटींहून अधिक वर्षं जुने आहेत. बुध, शुक्र आणि मंगळावरही लाव्ह्याची अशीच विस्तीर्ण मैदानं आहेत.

मग मंगळावरचा ज्वालामुखी एवढा उंच कसा?

मंगळावरचा 'ऑलिंपस मॉन्स' सुमारे २२ किलोमीटर उंच आहे, म्हणजे एव्हरेस्टच्या जवळपास अडीचपट. त्याची रुंदी सुमारे ६०० किलोमीटर आहे. त्याची एक कड नाशिकला ठेवली, तर दुसरी नागपूरच्या आसपास पोहोचेल.

यामागचं मोठं कारण दख्खनच्या इतिहासावरून समजतं. पृथ्वीचं कवच तुकड्यांमध्ये विभागलेलं आहे आणि हे तुकडे सरकत असतात. दख्खनचा लाव्हा ज्या उष्ण स्रोतातून आला, तो आज हिंद महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारत उत्तरेकडे सरकला आणि स्रोत मागे राहिला. आज नाशिकपासून ते बेट सुमारे ५ हजार किलोमीटरवर आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही जागृत आहे.

मंगळाचं कवच असं सरकत नाही. त्यामुळे लाव्हा कोट्यवधी वर्षं एकाच जागी साचत राहिला. तिथलं गुरुत्वाकर्षणही पृथ्वीच्या तुलनेत कमी, सुमारे ३८ टक्के आहे. त्यामुळे एवढा उंच डोंगर तग धरू शकला.

आज कुठे ज्वालामुखी जागृत आहेत?

शुक्र ढगांनी झाकलेला असल्याने तिथे रडारनेच पाहावं लागतं. 'मॅगेलन' यानाने १९९१ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने टिपलेल्या प्रतिमा शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासल्या. 'माट मॉन्स' जवळच्या एका मुखाचा आकार बदलून मोठा झाल्याचं त्यात दिसलं. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

सगळ्यात जास्त धुमसतो तो मात्र ग्रह नाही, तर गुरूचा उपग्रह 'आयो'. 'व्हॉयेजर १' यानाच्या छायाचित्रांत १९७९ मध्ये तिथले उद्रेक दिसले. गुरूच्या ओढीने आयो सतत ताणला आणि दाबला जातो, त्या घर्षणाने आतला खडक वितळतो. तिथे सुमारे ४०० सक्रिय ज्वालामुखी आहेत. शनीच्या 'एन्सेलॅडस' या उपग्रहावरून तर लाव्ह्याऐवजी पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उडतात. 'कॅसिनी' यानाने २००५ मध्ये ते शोधलं.

नाशिकच्या दगडाचा यात उपयोग काय?

लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूंमुळे पोकळ्या राहतात. नंतर त्यांत पाणी झिरपून झिओलाइट गटातली खनिजं तयार होतात. नाशिक परिसर अशा स्फटिकांसाठी प्रसिद्ध आहे आणि सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात ते पाहता येतात. याच गटातल्या अ‍ॅनाल्साइम या खनिजाच्या खुणा कक्षेतल्या यानाला मंगळावरही दिसल्या आहेत. म्हणजे तिथल्या खडकांतूनही कधीकाळी पाणी फिरलं होतं. कोणत्या खनिजाचा अर्थ काय, हे आधी पृथ्वीवरचे खडक हाताळूनच कळतं.

मंगळावरचा दगड प्रयोगशाळेत आणणं अतिशय खर्चिक आहे. नाशिकमध्ये मात्र हाच खडक खडीसाठी फोडला जातो आणि ब्रह्मगिरी परिसरातल्या उत्खननाला पर्यावरणप्रेमींनी विरोधही केला आहे. टेकडी गेली की तिच्यासोबत लाव्ह्याचे थर कोणत्या क्रमाने साचले, याची नोंदही जाते. ती पुन्हा तयार करता येत नाही.